हत्तीची कविता आणि सरपंचाचा हौद

सन चौऱ्याऐंशी, मी बेचाळीस वर्षांचा. लातूर जिल्हा नवा झाला होता, विहिरी मात्र जुन्याच आणि कोरड्या ठाक. गावाला टँकर यायचा, तो आधी सरपंचाच्या हौदात ओतायचा; तळाचं गढूळ पाणी आमच्या बौद्ध वस्तीला. एक मेला शाळेत झेंडा झाला. मग तापलेल्या पत्र्याखाली मास्तरांनी स्वतः रचलेली कविता वाचली: दुष्काळात हत्ती साऱ्या जनावरांना तळ्यावर नेतो, म्हणून तो राजा. "सांगा, अर्थ काय?" मास्तर म्हणाले. सरपंचच बोलले, "पुढं चालंल तो पुढारी. बाकीच्यांनी गप मागं यावं." टाळ्या पडल्या. मी उठलो. "मास्तर, तळ्यावर गेल्यावर आधी कोण प्यालं? ते कवितेत न्हाई." सरपंच हसले, "दुसरी शिकलेला कविता शिकवायलाय. बस खाली." म्हटलं, "शेरडं राखलीत सरपंच. बोकड आधी सोडला की डबक्याचा चिखल करतो. म्हून पिल्लं आधी, गाभण शेळ्या आधी, बोकड शेवटी. तुमचा हत्ती आधी प्याला असंल तर तो राजा न्हाई, नुसता दांडगा हाय." मास्तरांनी वही मिटली. सरपंच उठत म्हणाले, "उद्या टँकर तुमच्या वस्तीत येतच न्हाई, बघ." आता मी म्हातारा झालो, तरी त्या कवितेचा अर्थ तोच सांगीन. मी शिवलेलं पाणी सरपंचाच्या घरात चालत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर यायच्या आधीच मी सरपंचाच्या रिकाम्या हौदात उतरलो आणि मधोमध मांडी घालून बसलो.