डिस्कची वाट पाहणाऱ्या फाइली

ह्यांना झटका आला तेव्हा उजवा हात आणि वाचा दोन्ही एकाच दिवशी गेली. हात हळूहळू थोडा हलू लागला, शब्द काही येईनात. वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काही व्हिडिओ दिले होते. मोबाइलवर ह्यांना नीट दिसायचं नाही, म्हणून मी रोज सकाळी दहाला ह्यांना त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवायची आणि आमचं 'आ, ई, ऊ' सुरू व्हायचं. चाळीस वर्षं रिफायनरीत हुकूम सोडलेल्या माणसाला ओठांचा चंबू करायला लावणं सोपं नव्हतं, पण ते करायचे बिचारे.

अडचण वेगळीच होती. कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक निरोप उगवायचा. डिस्कवर लिहायच्या फाइली थांबल्या आहेत, पाहायच्या असतील तर इथे क्लिक करा. तो दिसला की ह्यांचं डोकं फिरायचं. डावा हात टेबलावर आपटायचे, घशातून आवाज काढायचे, मान लाल व्हायची. एकदा मी नंतर रक्तदाब मोजला आणि तो आकडा बघून माझाच वाढला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की काहीही करा, पण ह्यांना चिडू देऊ नका. दुसरा झटका आला तर मग काही सांगता येणार नाही. त्यामुळे तो निरोप बंद करणं हे माझं त्या दिवसांतलं एकमेव काम होऊन बसलं.

मी काय काय केलं नाही! फुली दाबून पाहिली, दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. कोणी म्हणालं सीडीसारखी कोरी डिस्क घाला. घातली, तर आणखी दोन खिडक्या उघडल्या आणि त्यांत काय विचारलंय ते मला कळेना. हे तर उठायलाच लागले, म्हणून घाईने ती बाहेर काढली. पदर लावून पडद्याचा कोपरा झाकायचाही प्रयोग केला. ह्यांनी पदर ओढून काढला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर सतरा जणांनी सतरा उपाय सांगितले आणि एकाने सुप्रभातचा गुलाब पाठवला. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन केला. "कुछ नहीं माँजी, फॉर्मेट मार देंगे, एकदम नया हो जाएगा," तो हिंदीत म्हणाला आणि शनिवारी येतो असं ठरलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. फॉर्मेट म्हणजे आतलं सगळं पुसणं, पण कॉम्प्युटरच्या आत काय आहे हे मनातही आलं नाही.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन ढोकळा द्यायला वर आल्या. त्या इथेच आमच्या मांजलपूर भागातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, पण शिकवून शिकवून दमलेल्या बाईला घरी पुन्हा तेच काम कसं सांगायचं, म्हणून मी कधी बोलले नव्हते. त्यांनीच तो निरोप पाहिला, ह्यांचा आपटणारा हात पाहिला आणि ढोकळ्याची ताटली ठेवून खुर्ची ओढली.

दोन-तीन ठिकाणी क्लिक करून त्यांनी मला दाखवलं. हे बटण दाबलं की थांबलेल्या फाइली पुसल्या जातात, आणि फाइलीच नाहीत तर निरोप कुठून येणार? मी म्हटलं, "दाबा ना बेन, माझ्या वतीने दोनदा दाबा." पण त्यांनी माउसवरून हात उचलला. खुर्ची ह्यांच्याकडे वळवली आणि सरळ ह्यांना विचारलं, "काका, आ काढी नाखुं, के पहेलां जोई लईए?"

काढून टाकू, की आधी पाहून घेऊ. एवढंच विचारलं. ह्यांनी डावा हात पुढे केला आणि माउस गच्च धरला. मग नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे नाही, पडद्याकडे बोट केलं.

बेननी फोल्डर उघडलं. इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, 'हिच्या रांगोळ्या'.

दारातली माझी रांगोळी. रोज सकाळी सडा नाही तरी फरशी पुसून मी दोन बोटं रांगोळी काढायची, आणि हे दूध आणायला जाताना ती ओलांडून जायचे. कधी कधी तुडवूनही. "डोळे कुठे असतात हो तुमचे?" हे माझं ठरलेलं वाक्य. ह्यांनी कधी 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि इथे एकापाठोपाठ एक फोटो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, काढलेला पतंग. नवरात्रातला गरबा, म्हणजे तो दिव्याचा घट. ताप होता त्या दिवशी कशीबशी ओढलेली चार पानं. एका कमळाची पाकळी अगदी फेंगडी, तीसुद्धा. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला ह्यांच्या चपलांची टोकं. निवृत्त झाल्यापासून जवळजवळ रोजचा एक. बेननी तारीख दाखवली, झटका येण्याच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी ते सगळे डिस्कच्या चिन्हावर नेऊन ठेवले होते आणि लिहायचं सकाळवर टाकलं होतं.

मी पदर तोंडाला लावला.  बेननी मी काढून ठेवलेली कोरी डिस्क मागितली, आत घातली आणि लिहायला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. हे शांत बसून होते. टेबलावर हात नाही, घशातून आवाज नाही. दुरुस्तीवाल्याला मी तिथूनच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. बेनचे आभार मानायला लागले, तर त्या म्हणाल्या, "एमां शुं काकी, में तो खाली पूछ्युं." त्यांनी फक्त विचारलं होतं, हे खरंच. चार महिने मी सोसायटीभर विचारत फिरले आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला एकदाही विचारलं नाही. त्यांना बोलता येत नाही म्हणजे त्यांना काही सांगायचंही नाही, असं मी धरून चालले होते.

डिस्क लिहून झाली, कप्पा आपोआप बाहेर आला. मी ती उचलायला गेले तर ह्यांनी माझा हात बाजूला सारला. डाव्या हाताने, दोनदा निसटत निसटत, डिस्क स्वतः उचलली आणि माझ्यापुढे धरली.