पेढा हातात धरून ताईंनी विचारलं...

वसुधाताई केळुसकर वकिलांची आणि माझी ओळख पेढ्यामुळे झाली. तो पेढा त्यांनी खाल्ला मात्र नाही.

वाकोल्यातल्या आमच्या चाळीला पाडकामाची नोटीस आली होती. एक पक्ष आमच्या बाजूने उभा राहिला आणि त्या पक्षाच्या वकील म्हणून ताई आमचा दावा लढवत होत्या. सुनावणीत न्यायमूर्तींनी पालिकेच्या वकिलांना खडसावलं, "ऐन परीक्षेत घरं पाडता?" तासाभरात पक्षाच्या अधिकृत फेसबुक पानावर झळकलं: 'परीक्षा संपेपर्यंत पाडकाम नाही! न्यायालयाचा आदेश!' चाळीत फटाके फुटले, कागदपत्रांच्या पिशव्या परत माळ्यावर गेल्या. मी पेढे घेऊन घाटकोपरचं पक्ष कार्यालय गाठलं.

पेढा हातात धरून ताईंनी विचारलं, "कुठे लिहिलंय?"

मी मोबाइल दाखवला.

"हे पानावर. आदेशात कुठे लिहिलंय?"

संध्याकाळी आदेश हाती आला. परीक्षेचं त्यात अवाक्षर नव्हतं. रहिवाशांनी शुक्रवारपर्यंत पुरावे द्यावेत, अन्यथा पालिकेला पाडकामाची मुभा!

आता पान सांभाळणाऱ्या मिलिंदची खैर नाही, असं मला वाटलं. पण ताईंनी खुर्ची ओढली आणि कुतूहलाने विचारलं, "न्यायमूर्तींचं ते वाक्य तुला आदेशच का रे वाटलं?"

"जजसाहेब कसले भडकले होते, ताई! आणि लोक झकास शेअर करतायत. आता काढलं तर आपली वाट लागेल ना."

"आपली म्हणजे कोणाची?"

दुरुस्ती टाकू नका म्हणून वरून नेत्यांचे फोन आले. "तुम्ही दुरुस्ती टाकत नसाल तर मी माझ्या नावाने टाकते," एवढंच ताईंनी सांगितलं. दुरुस्ती पडली, तिला लाइक कमी आणि शिव्या जास्त मिळाल्या.

पण तेवढ्यावर विसंबतील त्या ताई कसल्या! त्या स्वतः चाळीत आल्या. आदेशाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी माझ्या आईला उभं राहून मोठ्याने वाचायला लावला. 'अन्यथा' हा शब्द आईने दोनदा वाचला. पिशव्या पुन्हा खाली आल्या, शुक्रवारच्या आत पुरावे दाखल झाले आणि पाडकाम टळलं. कार्यालयात ती प्रथाच पडली: वाचून दाखवल्याशिवाय पानावर काही टाकायचं नाही. मीही पुढे तिथेच कामाला लागलो. आजही ताई मिलिंदला चहा पाजून विचारतात, "आज कुठली थाप फिरतेय रे?" विरोधकांची असो वा आपली, ती लोकांना खरी का वाटते, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

हा लेख मी कार्यालयातल्या त्याच खोलीत बसून लिहिला आहे. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांचं एकच मागणं आहे: त्यांनी ठणठणीत प्रकृतीने शंभरी पार करावी. त्या विचारतीलच, "कुठे लिहिलंय?"

इथे लिहिलंय, ताई. आणि आईने उभं राहून ते अख्ख्या चाळीला वाचून दाखवलंय.