उरकाची सून

माझ्या डोक्याचं काय बिघडलंय, हे मी सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला विचारायचं आणि उत्तर आमच्या ह्यांनी द्यायचं, ही आमच्याकडची रीतच. अमरावतीच्या पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" हे म्हणाले, "लागते नं!" अहो, घोरता तुम्ही, मी छताकडे बघत पडलेली असते! पण मध्ये बोललं की लगेच, "पाहा साहेब, अशी चिडते."

त्यांनी डिप्रेशन म्हटलं. त्या गोळ्यांनी अंगात मिक्सर सुरू झाल्यासारखं व्हायला लागलं. दुसऱ्यांनी थायरॉइड तपासलं, तिसऱ्यांनी माझं वय काढलं. एकाने बायपोलर म्हटलं आणि स्वतःच खोडलं. म्हणे तेजी वेगळी येते, उदासी वेगळी, तुमचं दोन्ही एकदम कसं? आता काय डोक्याला रांगेत उभं करू?

यायचं ते एकदमच, आणि नेमकं उन्हाळ्यात, वाळवणाच्या दिवसांत. पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवायचा, स्लॅबवर धोतर पसरून कुरडया घालायच्या. आमच्या झाल्या की शेजारणीच्या, मग समोरच्यांच्या. तोंडाची टकळी चालू, हात थांबत नाहीत आणि डोळ्यांतून धार. गल्ली म्हणायची, काय उरक आहे बाई सुनेला! ह्यांची छाती फुगायची. धन्य!

शेवटी अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या बऱ्या कधी असतात?"

"उन्हाळ्यात, मॅडम. गल्लीभराच्या कुरोड्या एकटी करते. एकदम फर्स्ट क्लास!"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "त्याच दिवसांत मी स्लॅबच्या कठड्याशी उभी राहून खाली पाहते. आता संपवावं सगळं, असं वाटते मले."

हे लगेच मध्ये बोलायला गेले. बाई म्हणाल्या, "आता यांनाच बोलू द्या." सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "हे बायपोलरमधलंच आहे. पुस्तकातल्या एकाही खणात नीट बसत नाही, म्हणून आजार नाही असं होत नाही. आधी ती डिप्रेशनची गोळी बदलू."

"पण याले नेमकं नाव काय? लोकाइले सांगू काय?" ह्यांनी विचारलं. मी काय बोलले आणि ह्यांना लोकांची पडली!

नव्या गोळीने झोप यायला लागली. यंदा उन्हाळा लागला तशी शेजारीण फाटकातून ओरडली, "कुरोड्या कवा टाकून राहिली वो? आमचाई चीक तयार हाये!"

मी उठायच्या आत हे बाहेर गेले. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा इकतच्या आणून राहिलो आमी. तिले बरं नाही." स्लॅबच्या दाराची किल्ली ह्यांच्या खिशात होती.

त्या विकतच्या मेल्या तेलात फुलल्यासुद्धा नाहीत. मी दोनदा मागून खाल्ल्या.