विहिरीत गार केलेलं सूप

जांभळाचं सूप हे जेवण, औषध की खाऊ, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या काळी तर मुळीच कळत नव्हतं.

धानोऱ्याच्या आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मिशनच्या बंगल्यात एक जर्मन मड्डम राहायची. ती नर्स होती. आई तिच्याकडे स्वयंपाकाला जायची आणि घरी येऊन कपाळाला हात लावायची. ही बाई जांभळं साखरेत शिजवते, त्यात रव्याचे गोळे सोडते, आणि चांगलं उकळलेलं भांडं दोर बांधून विहिरीत गार करायला सोडते! गार करायचं तर शिजवायचं कशाला? बरं, जेवणाच्या आधी खायचं की नंतर, तर मड्डम म्हणे जेवणाऐवजी. एक ना धड.

मी सात-आठ वर्षांची असताना वडिलांना मुदतीचा ताप आला. वडील सुतार, बैलगाडीचं चाक एकट्यानं उचलणारे. पण आठवडाभर अन्नाचा कण पोटात गेला नव्हता. खाटेवर नुसती हाडं उरली होती. मड्डम सकाळी येऊन नाडी बघून लगबगीनं निघून गेली. दुपारी परत आली, ती झाकण घातलेलं भांडं घेऊन. माझ्या विधवा आत्यानं, वडिलांच्या मोठ्या बहिणीनं, भांड्याला हात लावला. गारेगार.

आमच्याकडे ज्या घरी माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी शिजवून आणतात, आणि येईपर्यंत ते गार झालेलं असतं. एरवी परक्या घरचं गार अन्न कोणी आजाऱ्याच्या दारात आणत नाही. आत्यानं हिशेब लावला : हिनं नाडी बघितली, हिला आपल्याआधी कळलं. तिनं खाटेकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिथेच बसकण मारून गळा काढला, "मन्हा भाऊ गया वं माय!"

झालं! गल्ली गोळा झाली. मी रडू लागले, कारण सगळे रडत होते. शेजारचे काका कुऱ्हाड घेऊन बांबू तोडायला निघालेसुद्धा. मड्डम भांडं धरून मधोमध उभी, आणि तिच्या पुस्तकी मराठीत पुन्हा पुन्हा सांगत होती, "हे थंडच खायचे असते. ताप आला की माझी आई मला देत असे." तिचं ऐकतंय कोण?

आतून खाटेची करकर ऐकू आली. मग बारीक आवाज आला, "कोन गया?"

काका कुऱ्हाडीसकट उंबऱ्यात थबकले. आत्यानं तोंडावर पदर घेतला, पण तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते. वडिलांनी मग स्वतःच्याच सुतकातलं ते अन्न चाटूनपुसून खाल्लं. आणखी आहे का, असंही विचारलं. जीभ जांभळी करून मला वेडावून दाखवलं तेव्हा मला पटलं, की बाप आहे. पंधरा दिवसांत ते रंधा मारायला लागले. पुढे कित्येक वर्षं गावात कोणी गेल्याचं कळलं, की ते आत्याला छेडायचे, "नक्की ना?"

पुढे लढाई सुरू झाली आणि मड्डमला, ती जर्मन म्हणून, सरकारनं नेलं. तिचा काय गुन्हा ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आईनं तिचं भांडं मात्र जपून ठेवलं.

त्यानंतरच्या ज्येष्ठात वडिलांना पुन्हा ताप आला. त्यांनी ते सूप मागितलं. आईनं केलं आणि तिन्हीसांजेला भांडं विहिरीत सोडलं. उजाडायच्या आत वडील गेले.

शेजारणींनी भाकरी आणि वरण आणलं. आईला विहिरीची आठवण झाली. तिनं भांडं ओढून वर काढलं आणि ओसरीवर ठेवलं. आता त्याचं काय करायचं हे तिला कळेना, मला कळेना. आत्या मात्र रडलीच नाही. गार भांडं मांडीवर घेऊन ती खाटेकडे बघत बसली होती. बायका तिला म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. तिनं मान हलवली. ती वाट बघत होती. मीही बघत होते.

"इचार ना रे भाऊ," ती हळूच म्हणाली, "कोन गया ते."