वरचा स्विच

वायरमनच्या पिशवीत वायरचे तुकडे साठत जातात. 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून कुणी ते टाकत नाही, आणि एके दिवशी पिशवी उचलवत नाही. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. एक काढायला जावं तर त्याला गुंतून चार बाहेर येतात!

बहुतेक किस्से जमले ते कारखाना बंद होता त्या दोन वर्षांत. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणून आमच्या सहकारी साखर कारखान्याचा भोंगा नाही. आम्ही चौघं तिथल्या इलेक्ट्रिक खात्यातले: फोरमन नाना, मोटारींचं वाइंडिंग करणारे रशीदभाई, खांबावर सरसर चढणारा उत्तम आणि मी. बसून किती दिवस खाणार? नाना म्हणाले, "घरगुती फिटिंग घेऊ. दुष्काळ आपल्याला हाय, मास्तर-तलाठ्यांचा पगार चालूच हाय की!"

खरंच, नोकरदारांची स्लॅबची घरं उठत होती. प्रत्येक घराला जिना, आणि प्रत्येकाला एकच हौस: दिवा खालून लावायचा आणि वर जाऊन बंद करायचा.

*

पहिलं काम मोरे गुरुजींचं. आम्हाला सवय कारखान्यातल्या मोटारींची. रशीदभाईंनी झोकात काम केलं. जिन्याच्या खाली हिरवं-लाल बटण, वर हिरवं-लाल बटण, आणि मध्ये भिंतीवर मोटारीचा भलामोठा स्टार्टर! हिरवं दाबलं की 'खटाक्', दिवा चालू. लाल दाबलं की 'खटाक्', दिवा बंद. एकदम फर्स्टक्लास.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. डोळे तांबडे. त्यांची म्हातारी आई जिन्याशेजारी झोपायची. प्रत्येक 'खटाक्'ला ती उठून बसायची, "कोन हाय रं? कडी कुनी काढली?"

गुरुजी हात जोडून म्हणाले, "नाना, मला जिना चढायचाय हो, गाळप हंगाम सुरू करायचा नाही!"

*

मग नानांनी गेवराईहून खरे टू-वे स्विच आणवले आणि आम्हाला शिकवलं. "एक वर, एक खाली, आन् दोघांच्या मधी दोन तारा. झालं! ह्यात कसला आलाय स्टार्टर?"

स्टार्टर गेला, टू-वे बसला. पण गुरुजी आठवडाभरात पुन्हा हजर. "ह्या स्विचला शिस्त नाही! काल खाली केल्यावर चालू झाला, आज वर केल्यावर. मी भिंतीवर खडूनं बाण काढला, तर संध्याकाळी बाणच खोटा!"

नाना शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दोघांच्या हातातला कारभार हाय हा. वरच्यानं काय करून ठिवलंय, ते खालच्याला कसं कळावं?"

गुरुजी विचारात पडले. "म्हणजे कारखान्याच्या संचालक मंडळासारखंच की!"

नानांनी सगळ्यात आधी मागं वळून बघितलं, कुणी संचालक तर नाही ना!

*

उत्तमचा किस्सा तो स्वतः कधीच सांगत नाही, म्हणून मला सांगावा लागतो.

गडी तेलगावला सासुरवाडीला गेलता. सासऱ्यांनी नवा जिना बांधलेला. जावई वायरमन म्हटल्यावर काम बाहेर कशाला द्यायचं? उत्तमकडं टू-वे स्विच नव्हते. पण सासऱ्यासमोर 'नाही' म्हणणं त्याच्या रक्तात नाही. साधेच दोन स्विच घेतले आणि एकाच तारेत एकामागं एक बसवले. आता दोन्ही चालू असतील तरच दिवा लागायचा!

रात्रीचं जेवण करून जावईबापू माडीवर गेले. सासऱ्यांनी सवयीनं खालचं बटण बंद केलं. उत्तमला पाणी प्यायला खाली यायचं होतं. वरचं बटण दाबतोय, दाबतोय, दिवा काही लागेना. शेवटी अंधारातून हाक, "मामा, जरा खालचा लावा की!"

सासऱ्यांनी उठून लावला, आणि जावई पाणी पिऊन वर गेल्यावर सवयीनं पुन्हा बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा हाक. पुन्हा उठले. शेवटी म्हातारा जिन्याच्या पायरीवरच बसला आणि म्हणाला, "जावईबापू, तुमाला तहान लागंस्तोवर मी असाच हितं बसून ऱ्हाऊ का?"

नानांना कळलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कामून केलं रं असं?"

उत्तम म्हणाला, "दोघांची संमती आसली की काम पक्कं ऱ्हातंय, नाना!"

*

सुभद्रामावशींचं घर गल्लीच्या तोंडाला. त्यांच्या गच्चीवरून चौसाळ्याकडची सडक लांबपर्यंत दिसायची. टँकर त्याच सडकेनं यायचा, पण कधी यायचा ते टँकरवाल्यालाही माहीत नसावं. मावशींनी आमच्या टू-वेला दुसराच धंदा लावला. टँकरची धूळ दिसली की त्या वरून जिन्याचा दिवा चालू-बंद, चालू-बंद करायच्या. जिन्याच्या जाळीतून तो सगळ्या गल्लीला दिसायचा, आणि बाया घागरी घेऊन पळायच्या.

एकदा सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी आली, गेली, पुन्हा आली. स्विच चालूच राहिलेला, त्यामुळे मावशींचा दिवा आपोआप लागला, विझला, लागला. गल्ली घागरी घेऊन नाक्यावर हजर! टँकरचा पत्ता नाही. मावशी तर घरात झोपलेल्या.

सगळ्यांनी नानांना धरलं. "नाना, तुमचा दिवा लबाड बोलतो!" नाना समजावतायत, बाया भांडतायत, घागरी वाजतायत. एवढ्यात वळणावरून हॉर्न आला. टँकर! दुसऱ्या गल्लीच्या बाया घरातून निघेपर्यंत आमच्या गल्लीची रांग लागून तयार.

मावशी डोळे चोळत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्याआधी माझ्या दिव्याला कळतंय!"

*

आता नानांच्या घरचं. सगळ्या गावाला टू-वे बसवणाऱ्या नानांच्या जिन्यात स्विच एकच, तोही खाली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जिना सरळ मोकळ्या गच्चीवर जायचा. तिथं खोली बांधायची होती, तोच कारखाना बंद पडला. वरच्या स्विचचा डबा भिंतीत बसवलेला, पण आत नुसती टेप गुंडाळलेली तारेची टोकं.

आम्ही चिडवायचो, "नाना, अर्धं फिटिंग?"

"कारखाना सुरू झाला की वरचा स्विच. तवर न्हाई." नवसच म्हणा ना!

नानांना आणखी एक खोड होती. पूर्वी कारखान्यात मोठी मोटार सुरू झाली की गावातले सगळे बल्ब क्षणभर पिवळे पडायचे. बाया तेव्हा शिव्या द्यायच्या. बंदच्या काळात मात्र नाना रोज संध्याकाळी जिन्यातल्या बल्बकडं बघत बसायचे आणि म्हणायचे, "लई स्थिर जळतोय. बरं वाटत न्हाई."

*

मग पाऊस झाला. ऊस उभा राहिला. मोटारींची ट्रायल ठरली. पण रशीदभाई हळूच म्हणाले, "नाना, दोन वर्सं पडून हायत. वल धरली आसंल. चालल्या तर ठीक, नाहीतर ह्याही साली हंगाम गेला." हंगाम गेला असता तर आम्ही चौघं चार दिशांना पांगलो असतो. उत्तमनं तर पुण्याला जायला ट्रंक भरून ठेवली होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नाना गच्चीवर वाळत घातलेला कापूस गोळा करायला गेले. अंधारून आलं होतं. खालून काकूंनी काटकसर म्हणून दिवा बंद केला. नाना वर आहेत, हे त्यांच्या लक्षातच नाही. वर स्विच नाही. नाना गडगडत खाली!

ट्रायलच्या दिवशी नाना खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. रशीदभाई आणि उत्तम कारखान्यात. मी नानांजवळ, कारण चिडायला त्यांना कुणीतरी लागायचं. संध्याकाळ झाली. काकूंनी जिन्यातला दिवा लावला. नानांची नजर बल्बवर. मीही बघत बसलो. चहा आला, निवला.

बल्ब पिवळा पडला.

क्षणभरच. पुन्हा पांढरा झाला. मला वाटलं, भास. नानांनी माझं मनगट गच्च धरलं. "थांब. दुसरी मोटार हाय आजून."

पुन्हा पिवळा!

काकू स्वयंपाकघरातून पळत आल्या, हात पिठाचे. "अवं, पिवळा पडला का वो?"

नानांचे डोळे भरले होते. माझेही. त्यांनी उशाखालून कागदात गुंडाळलेला स्विच काढला आणि माझ्या हातात दिला. "जा. वरचा लाव."

काकू प्लास्टरकडं बघून म्हणाल्या, "आता? पाय मोडल्यावर?"

मी बसवला. काकू स्वतः वर गेल्या आणि चालू-बंद, चालू-बंद करत सुटल्या. थांबायचं नाव नाही.

नाना खाटेवरून ओरडले, "अगं बास की! बल्ब उडंल!"

वरून आवाज आला, "उडू द्या! पगार चालू व्हईल आता, दुसरा आना!"