तिच्यासाठी ठेवलेली बॅटरी

बॅटरी ओरिजिनल घ्यायची की लोकल, याचा आमच्या घरात जेवढा काथ्याकूट झाला, तेवढा मुलीच्या लग्नाचाही झाला नव्हता. तो विषय आमच्या ह्यांनी एका वाक्यात संपवला होता. मुलीने लग्न स्वतः जमवलं, मुलगा लासलगावचा, कांद्याच्या आडतीवर बसणारा. हे म्हणाले, "मी येणार नाही." नाहीच आले. कन्यादान माझ्या भावाने केलं.

पुढे ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोकं मात्र शाबूत. नाशकात जन्मभर मराठी टायपिंगचा क्लास चालवलेला माणूस डाव्या हाताने कागदावर गिरगोट्या काढायला लागला, आणि एक दिवस ती पेन्सिल त्यांनी माझ्या अंगावर भिरकावली. मुलगी दवाखान्यात भेटायला आली तर भिंतीकडे तोंड फिरवलं. अहो, देवाने एवढं आपटलं तरी ताठा म्हणून जाईना! ती पुन्हा आली नाही. का येईल?

मग पुण्याच्या भाच्याने आपला जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात ह्यांच्या सवयीचा टाइपरायटरचा मराठी कीबोर्ड टाकून. डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरायला लागलं. इतक्या महिन्यांनी नवरा बोलला, तर पहिलं वाक्य काय? "चहात साखर कमी आहे." मी रडता रडता हसले, आणि दुसऱ्या दिवशीही साखर मुद्दाम कमीच घातली.

पण ते लोडशेडिंगचे दिवस. तासन्‌तास लाईट नाही, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी इतकी म्हातारी की वायर काढली की स्क्रीन काळी. लाईट गेली की नवरा मुका. इन्व्हर्टर घेण्याची आमची ऐपत नव्हती. शेवटी आमच्या नाशकातल्याच कॅनडा कॉर्नर चौकात कॉम्प्युटरच्या एका दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "काकू, कंपनीची मुंबईहून मागवावी लागेल, महाग पडेल. लोकल आत्ता देतो. चालली तर चालली."

"आणि नाही चालली तर?"

"लोकलच आहे ना, काकू."

लोकल घेतली. ती अर्धी भरलेली दाखवायची आणि पटकन बंद पडायची. ह्यांचं वाक्य तिथेच गडप. मग ते डाव्या मुठीने पलंगाची कड बडवायचे आणि मी दुकानदाराला घरबसल्या शिव्या घालायचे. अशाच एका संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "तिला बोलाव. मला तिला सांगायचंय." पुढे काही लिहिणार, तेवढ्यात स्क्रीन गेली. लाईट आल्यावर मी म्हटलं, मला सांगा, मी फोनवर कळवते. त्यांनी लिहिलं, "नाही. तिलाच. समोर." आणि खाली, "कंपनीची बॅटरी मागव. तिच्याशी बोलताना मधेच बंद पडायला नको."

मागवली. आली. मी लावायला गेले तर मान हलवून नको म्हणाले. "रोज वापरून खराब होईल. ती येईल त्या दिवशी लाव." मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नवी चादर पाहुण्यांसाठी, काचेचे कप पाहुण्यांसाठी, आम्ही मात्र कान तुटलेल्या कपातून चहा पिणार. मी बॅटरी पुन्हा तिच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांखाली ठेवली. टॉर्चचे सेल कसे, वापरले नाहीत म्हणजे भरलेलेच, तशीच ही. चार्ज करून ठेवावी लागते, हे ना मला ठाऊक, ना ह्यांना, आणि त्या दुकानदाराने विकताना जीभ गहाण ठेवली होती की काय कोण जाणे.

मी मुलीला फोन करत राहिले. ती "बघते" म्हणायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. लोकल फुगून कचऱ्यात गेली. आता लाईट असेल तेवढंच बोलणं, तरी साड्यांखालच्या बॅटरीला हात लावू देईनात.

आणि एका दुपारी ती दारात उभी. लाईट नुकतीच गेलेली. "सासरी न सांगता आलेय, आई. संध्याकाळच्या आत पोचायला हवं." मी तशीच कपाटाकडे धावले, साड्या खाली पाडल्या, बॅटरी लावली, बटण दाबलं. काही नाही. काढून पुसून पुन्हा लावली. काही नाही! शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर होता, पण दाराला कुलूप. मी पेन्सिल पुढे केली, ती त्यांनी ढकलून दिली.

मग त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि त्या काळ्या स्क्रीनसमोरच टाइप करायला लागले. मुलगी ह्यांच्याच क्लासात शिकलेली, कोणतं अक्षर कुठे ते तिला पाठ. ती वाकून त्यांच्या बोटाकडे बघत राहिली. बराच वेळ. मी त्या क्लासच्या मागच्या खोलीत आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. बोट थांबलं. तिने त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.

संध्याकाळी लाईट आली. बॅटरी चार्ज झाली आणि मेली काय सुरेख चालली! मी म्हटलं, आता लिहा, मी तिला वाचून दाखवते. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी मुलीला विचारलं, "काय सांगत होते गं?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "बोट फार थरथरत होतं, आई. मला काहीच कळलं नाही."

मला ह्यांचा राग येतो. अजून येतो. एवढा हट्ट धरला नसता, मला सांगितलं असतं, तर आज मी तिला शब्दन्‌शब्द सांगू शकले असते. की तिला सगळं कळलं होतं, आणि ते मला सांगण्यासारखं नव्हतं? पुन्हा विचारायचा मला धीर होत नाही.