अव्वाचं दुसरं कडवं

किस्से जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही. डाळमिलमधला भुसा रोज झाडला तरी कोपऱ्यात साचतोच, तसं हे आहे. गाणी लिहिणारी माणसं आठवडाभर एका छताखाली राहिली, की गाणी होवोत न होवोत, किस्से होतातच!

मी कळंबला पॅथॉलॉजी लॅब चालवतो. दिवसभर सुई, ट्यूब आणि रिपोर्ट. पण मायक्रोस्कोपला डोळा लावलेला असतो तेव्हाही मन मुरुमला असतं, हे खरं सांगतो. तिथल्या एका स्टुडिओत दर हिवाळ्यात आमचं गाणी करायचं शिबिर भरतं. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि सगळ्यांनी मिळून गाणी रचायची, चाली लावायच्या, रेकॉर्ड करायची. यंदाचं संपून फार दिवस झाले नाहीत आणि मला आतापासूनच करमत नाही. बायको म्हणते, "माहेराहून परतलेल्या सुनेसारखं तोंड करून बसू नका." काय करणार, माहेरच आहे ते. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून तरी टाकावं.

* * *

स्टुडिओ बसवराज अण्णांचा. मुरुमच्या बाहेर त्यांची तुरीची डाळमिल होती. ती बंद पडल्यावर अण्णांनी यंत्रं काढली आणि माईक बसवले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मोठ्या शहरातले लोक भिंतींना महागडा फोम लावतात. अण्णांनी मिलमधलीच पोती तुरीच्या भुशानं भरली आणि गायकाच्या खोलीला चारी बाजूंनी थरावर थर लावली. खोली अशी गप्प झाली की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

पहिल्याच वर्षी एका सकाळी रेकॉर्डिंगमध्ये कोंबडा आरवायला लागला. अण्णांनी केबल बदलली, माईक बदलला, हेडफोन बदलला. कोंबडा आपला आरवतोच आहे. शेवटी आत जाऊन बघतात, तर एका बाजूची पोती फाटलेली आणि निम्मी भिंत गायब. आम्ही नाश्त्याला बसलो होतो तेव्हा मागचं दार उघडं राहिलं आणि शेजारच्यांच्या शेळ्या येऊन आमचं साउंडप्रूफिंग खाऊन गेल्या होत्या.

अण्णा तावातावानं शेजाऱ्याकडे गेले. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरीच म्हणलं अण्णा, आज दूध लई कसं काय दिलं!"

* * *

शिबिराचा नियम एकच. गोल बसायचं. एकानं ओळ टाकायची, शेजारच्यानं ती पुढं न्यायची. ओळ तोंडातून सुटली की ती सगळ्यांची. कुणी ती मोडली, उलटी केली, पार टाकून दिली, तरी हूं की चूं करायचं नाही. जो आपल्या ओळीची वकिली करील त्यानं त्या जेवणाची सगळ्यांची ताटं घासायची.

माझे हात त्या आठवड्यात कोरडे नसतात, हे सांगायला नकोच. अण्णा मला 'रिपोर्टवाले' म्हणतात. "रिपोर्टवाले, तुमची ओळ रिपोर्टावानी हाय. खरी हाय, पण घरी न्यावी वाटत न्हाय." मी काही समजावून सांगायला तोंड उघडलं की यासीनभाई मुकाट्यानं घासणी पुढं करतात. यासीनभाई म्हणजे आमचे चाल लावणारे. उमरग्यात पेट्या दुरुस्त करतात आणि दुरुस्त झालेली पेटी गिऱ्हाइकाला परत द्यायचं त्यांच्या जिवावर येतं.

एका वर्षी पुण्याहून एक संगीतकार आले. नाव कमावलेला माणूस. नियम ऐकून हसले, आणि पहिल्या ओळीपासून वकिली सुरू! ही ओळ अशीच का हवी, हा शब्द इथंच का हवा. सकाळची ताटं त्यांची, संध्याकाळची ताटं त्यांची. शेवटी अण्णांनाच अवघडल्यासारखं झालं. ते नळापाशी जाऊन म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या आता. पाहुणे हाव तुमी."

साहेबांनी राखेचा हात वर केला. "थांबा हो जरा. अंतरा इथंच सुचतोय."

* * *

अण्णांनी हे शिबिर का सुरू केलं, ते आता सांगायला हवं. त्यांच्या आईला घरात सगळे अव्वा म्हणायचे. अव्वा एक कानडी अंगाई म्हणायची. तिचं पहिलं कडवं अण्णांना पाठ आहे. अर्थ साधारण असा, की चांदोबा आपल्या विहिरीत पाणी प्यायला उतरलाय, आता त्याला वर यायला दोर कोण सोडील? बस. कडवं तिथं, प्रश्नावरच थांबतं. दुसरं कडवं अण्णांना काही केल्या आठवत नाही. दोर कोणी सोडला, हे त्यांना साठीला आले तरी कळलेलं नाही, आणि सांगायला अव्वा आता नाही.

ते कडवं येत असेल अशी एकच व्यक्ती, अण्णांची थोरली बहीण, गौराक्का. ती कर्नाटकात आळंदच्या बाजूला दिलेली. पण अक्का भावाशी बोलत नाही. मिल बंद झाली तेव्हा अव्वाला ते सोसलं नाही. ती लेकीकडं गेली ती गेलीच. 'अव्वानं घाम गाळला तिथं बसवराजनं पेट्या-तबले आणून बसवले, त्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही,' असं अक्कानं सगळ्या भाऊबंदांत सांगून टाकलेलं. अण्णा फोन करतात. ती उचलत नाही.

म्हणून दर वर्षी शेवटच्या दिवशी अण्णा गोलात येऊन बसतात, आम्हाला पहिलं कडवं म्हणून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, फुडचं जमतंय का." आम्ही लिहितो. एका वर्षी आमच्या चांदोबाला वाऱ्यानं वर काढलं, एका वर्षी आईनं आपला पदर सोडला. अण्णा डोळे मिटून ऐकतात. "गोड हाय," म्हणतात. मग थोडं थांबून, "पण अव्वाचं न्हाय."

त्या दिवशी वकिली कुणीच करत नाही. ताटं अण्णा स्वतः घासतात.

* * *

आमची गायिका सत्वशीला तेरखेड्याची. घरी फटाक्यांचं काम, लहानपणापासून हात दारूत. गळा गोड, पण सुरुवातीला एक अडचण होती. यासीनभाई ताल देताना "वन, टू, थ्री" म्हणायचे, आणि तीन म्हटलं की ही बाई माईकपासून मागं सरून कानांवर हात ठेवायची. एकदा झालं, दोनदा झालं. भाई वैतागले. "बाई, गाना है, बॉम नहीं है."

"भाई, तीनला आमच्याकडं वात पेटलेली असती," सत्वशीला म्हणाली. "मन थांबतंय, पाय थांबत न्हायती."

आकडे बंद झाले. भाई आता तालात "चाय, पानी, नाश्ता" म्हणतात आणि ती बरोब्बर सुरू होते. एका गाण्यात तो भाग कापायचा राहून गेला. गाणं विरहाचं, ज्यानं करून घेतलं तो माणूस हळवा. त्याचा फोन आला. "ऐकून रडायला आलं हो. फक्त आधी नाश्ता का हाय, ते कळलं न्हाय."

* * *

माणिक धनगराचा. स्वतः एसटीत ड्रायव्हर, पण आवाज माळावरचा. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या मेंढरांना हाक मारून तयार झालेला. तो माईकपुढं आला की मशीनवरचे सगळे दिवे लाल. अण्णांनी त्याला माईकपासून लांब, अजून लांब करत करत शेवटी अंगणात उभं केलं आणि माईक दारात ठेवला. आता आवाज मापात आला, पण पाठमोरा.

"माणिक, तोंड इकडं कर की."

"इकडं करून सूर लागंना अण्णा."

"का बरं?"

"आबा तिकडं हायती."

त्याचे वडील मेंढरं घेऊन पश्चिमेला गेलेले. पावसाच्या तोंडावर परतणार. मधे फोन लागला तर लागला. गाणंही त्यांच्यावरचंच होतं.  अण्णांनी आणखी एक केबल जोडली, माईक उचलला आणि अंगण ओलांडून माणिकच्या समोर पश्चिमेला नेऊन ठेवला.

त्या गाण्यात मागं वारा ऐकू येतो. तो काढून टाका असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

* * *

एका बँडवाल्यानं वरातीसाठी गाणं मागितलं. "झकास पायजे. पब्लिक हललं पायजे." आम्ही उत्साहानं गोल बसलो. सत्वशीलानं ओळ टाकली, नवरी घोड्यावरच्या नवऱ्याकडं चोरून बघते. उत्तम! माणिकनं पुढच्या ओळीत नवरीनं पाळलेलं कोकरू आणलं, ते माहेरीच राहणार होतं. मी नवरीच्या अंगणातला पाण्याचा माठ आणला. यासीनभाईंनी बापाला दारात उभं केलं आणि त्याच्या हातात लेकीची लहानपणची चप्पल दिली. जेवणाची वेळ झाली तेव्हा सगळे नाक ओढत होतो.

अण्णांनी ते ऐकलं. "लग्नाचं मागितलं व्हतं. तुमी मयत करून ठिवली."

आता वेळ नव्हता. चाल पळती केली, खाली ढोल-ताशा टाकला आणि देऊन टाकलं. महिन्याभरानं बँडवाल्याचा अण्णांना फोन आला. अण्णा शिव्या खायच्या तयारीनंच बोलले. बँडवाला म्हणाला, "पोरं नाचली की, लई नाचली. पण नवरीचा बाप वरात सोडून स्पीकरपाशी येऊन बसला. मी बंद करायलो तर हात धरला माझा. म्हणला, हेच लावा परत."

* * *

यंदा मात्र सत्वशीलाला राहवलं नाही. शिबिर संपायच्या आदल्या दिवशी तिनं अण्णांना न सांगता गौराक्काला फोन लावला. आम्ही भोवती कोंडाळं करून उभे.

"अक्का, मी तेरखेड्याची सत्वशीला. तुमच्या भावाच्या स्टुडिओतनं बोलते. उद्या आमी तुमच्या अव्वाच्या गाण्याचं दुसरं कडवं लिहिणार हाव. म्हणलं तुमाला इचारावं."

 पलीकडून आवाज आला, "कोण लिवणार?"

"आमीच. दर साल लिवतो."

"माझ्या अव्वाचं गाणं तुमी लिवताव?" आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अक्का हजर! कुणी हातापाया पडलं असतं तर ती आली नसती. ती भांडायला आली होती. चप्पल काढली आणि तरातरा उंबरा ओलांडून आत. अण्णा दारातच होते. त्यांच्या तोंडून "अक्का" एवढंच आलं. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हणा. काय लिवलंय ते म्हणा."

आम्ही म्हटलं. पदराचं कडवं म्हटलं, वाऱ्याचं म्हटलं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात अव्वा कुठाय?"



जेवायच्या वेळी सत्वशीलानं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. ताटात भाकरी पडली तशी अक्का जरा निवली. समोर बसलेल्या अण्णांनी खाली बघतच विचारलं, "अक्का, दुसरं कडवं मला येतच कसं न्हाय गं? सगळं आठवतंय. तेवढंच न्हाय."

"तुला कुठनं येईल?" अक्का म्हणाली. "तू पहिल्यातच झोपायचास. दोर कोण सोडील म्हणूस्तोर तुझी मान पडलेली असायची. दुसरं कडवं अव्वा माझ्यासाठी म्हणायची. मी जागी असायची."

अण्णांचा घास हातातच राहिला. "मग आता म्हण की."

"एकदाच म्हणीन. परत परत म्हणायला मी काय गाणारी न्हाय."

जेवणानंतर तिला गायकाच्या खोलीत नेलं. डोक्यावरचा पदर तिनं काढू दिला नाही, त्याच्यावरनंच हेडफोन लावला. काचेच्या अलीकडं अण्णा हेडफोन लावून मशीनपुढं खुर्चीत, आणि आम्ही त्यांच्या पाठीमागं दाटीवाटीनं उभे. लाल दिवा लागला. अक्कानं पहिलं कडवं धरलं. आवाज चिरका, सूर इकडंतिकडं. पण यासीनभाईंनी डोळे मिटून घेतले, आणि ते उगीच डोळे मिटणारे नाहीत. चांदोबा विहिरीत उतरला. पाणी प्याला. दोर कोण सोडील, इथवर आलं. आता पुढं काय, म्हणून आम्ही सगळे काचेकडं झुकलो, आणि माझं लक्ष खुर्चीकडं गेलं.

अण्णांची मान छातीवर पडली होती. श्वास संथ चालला होता.

यासीनभाईंनी त्यांना हलवायला हात पुढं केला. काचेपलीकडून अक्कानं आपला हात वर केला आणि नको म्हणून हलवला. गाणं मात्र तुटू दिलं नाही. दुसरं कडवं तिनं पुरतं म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत, अण्णांकडं बघत. आमच्यातल्या कुणालाच कानडी येत नाही. माणिकला येतं, ते बसथांब्यांच्या नावांपुरतं.

संपल्यावर अक्कानं हेडफोन काढून ठेवला, पदर सारखा केला आणि बाहेर आली. खुर्चीपाशी जरा वेळ उभी राहिली. मग आम्हाला बाहेर व्हायची खूण केली. आम्ही एकेक करून पाय न वाजवता निघालो. सगळ्यांत मागं माणिक होता. त्याला ती हळूच म्हणाली, "दार दमानं लाव."